डिटरमिनेशन, निर्धार आणि जिद्दीतला दुसरा द

प्रश्न असा आलाय की डिटरमिनेशनला मराठीत नेमकं काय म्हणायचं, आणि निर्धार, निश्चय, संकल्प, जिद्द हे सगळे समानार्थीच का. उत्तराआधी एक सांगून टाकतो कारण ऐकून ऐकून डोकं उठलंय. ‘मी निर्धारित आहे’ असं कृपया कुणी म्हणू नका. वेळ निर्धारित असते, दर निर्धारित असतात, माणूस निर्धारित नसतो हो! कुणीतरी ‘आय ॲम डिटरमाइंड’ शब्दाला शब्द लावून मराठीत आणलं आणि आता मुलाखतींत, भाषणांत सर्रास ऐकू येतं. मराठी माणूस ठाम असतो, निश्चयी असतो, नाहीतर सरळ ‘मी करणारच’ म्हणून मोकळा होतो. त्या ‘च’मध्येच अर्धं डिटरमिनेशन आलं.

निश्चय, निर्धार यांचे नेहमीचे अर्थ सांगत बसत नाही, ते सगळ्यांना माहितीयेत. फक्त निर्धाराबद्दल एक गंमत. पाणिनीचं सूत्र आहे, ‘यतश्च निर्धारणम्’ (२.३.४१), आणि तिथे निर्धारण म्हणजे घोळक्यातून एकाला वेगळं काढणं, जसं ‘माणसांमध्ये हा सगळ्यात शूर’ म्हणताना आपण करतो. म्हणजे अनेकांतला एक निवडून पक्का धरायचा, धृ धातूतलं धरणं ते हेच. मला वाटतं मराठी निर्धारातही ही निवड कुठेतरी शिल्लक आहे, म्हणून निर्धार ‘करतात’, एकदा करतात, आणि मग तो टिकवावा लागतो. निश्चयाचं म्हणाल तर शाळेच्या गणितात डिटरमिनंटला निश्चयक म्हणतात, तो शब्द मला फार आवडतो. दोन समीकरणांना एकच एक उत्तर आहे की नाही ते त्यांतल्या चार सहगुणकांच्या निश्चयकावरून कळतं, निश्चय तोच करतो.

आता इंग्रजी शब्दाकडे या. त्याच्या पोटात लॅटिन टर्मिनस आहे, म्हणजे हद्द, हद्दीचा दगड. रोमन लोकांचा टर्मिनस नावाचा देवच होता आणि २३ फेब्रुवारीला त्याचा सण असायचा. गाडी जिथे संपते तेही टर्मिनस. तर डिटरमाइन म्हणजे मुळात हद्द आखणं, वाद इथे संपला असं ठरवणं. कायद्याच्या इंग्रजीत तो अर्थ अजून जिवंत आहे, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १११ बघा, ‘डिटरमिनेशन ऑफ लीज’, म्हणजे भाडेपट्टा संपणं. भाडेपट्टा डिटरमाइन झाला की खल्लास, आणि माणूस डिटरमाइंड झाला की तो काही केल्या थांबत नाही! आपल्याकडेही असं आहेच, ‘संकल्प सोडला’ म्हणजे संकल्प केला, टाकून दिला नव्हे. नवीन माणूस हमखास फसतो.

अशा उलटसुलट अर्थांच्या शब्दांना अरबी व्याकरणात अद्दाद म्हणतात. हे अद्दाद कशाचं अनेकवचन? दिद्दचं. आणि दिद्द म्हणजेच आपली जिद्द!! अरबीत दिद्द म्हणजे विरुद्ध, उलट, प्रतिपक्ष. सुरुवातीचं ते अक्षर फारसीत ज़सारखं झालं आणि आपल्याकडे ज. म्हणून जिद्दीला समोर कुणीतरी लागतंच. रोज पहाटे उठायचं ठरवलं तर तो निश्चय, पण डॉक्टर म्हणाले आता चालता येणार नाही आणि बाई वर्षभरात जिना चढून दाखवतात ती जिद्द. म्हणूनच माणूस जिद्दीला पेटतो, निर्धाराला पेटलेला कुणी पाहिलाय का? हिंदीत ज़िद अजून हट्टाच्याच घरात बसलीये, पोरगं ज़िद करतं. आपण हट्ट पोराला ठेवला आणि जिद्दीला कौतुकाच्या जागी नेऊन बसवलं.

यावर दोन प्रकारच्या लोकांशी माझं कायमचं भांडण आहे. एक म्हणतात की मराठी लोक उगाच द डबल करतात, मूळ शब्द ज़िद. साफ चूक. अरबीत तो द दुहेरीच आहे, आपण तो जपला आणि हिंदीने एक गाळला. हद्द बघा, हक्क बघा, दोन्ही अरबीत जोडाक्षरी, हिंदीत हद आणि हक. जिद्दी म्हणताना मात्र त्यांचाही दुसरा द परत येतो, तो कुठून आला हे त्यांनीच सांगावं. (खत्तचं आपणही खत केलं, खरेदीखतातलं, हे मान्य, पण एका खतावरून हद्द, हक्क आणि जिद्द तिन्ही खोडता येत नाहीत.) दुसरे म्हणजे शुद्धीवाले. जिद्द परकी आहे, तिथे निर्धार वापरा म्हणतात. अहो, मग हद्द काढा, हक्क काढा, रद्द काढा, आणि शब्द काढून टाकण्याला ‘रद्द करणे’ न म्हणता काय म्हणणार तेही कळवा. निर्धाराला समोर कुणी नसलं तरी चालतं, त्यामुळे जिद्दीचं काम तो करूच शकत नाही.

हां, मूळ प्रश्न राहिलाच. बातमीत, ठरावात निर्धार. मनाशी पक्कं केलं असेल तर निश्चय. वर्षानुवर्षं एकच काम धरून बसलेल्याला चिकाटी, ती चिकटपणातूनच आलीये. स्पर्धेत हरत आलेला खेळाडू शेवटचा गेम ओढून काढतो तिथे जिद्द. सेल्फ डिटरमिनेशन राजकारणातलं असेल तर स्वयंनिर्णय, तिथे जिद्द घालू नका. आणि दृढनिश्चय शक्यतो टाळा, निश्चय दृढ नसेल तर त्याला निश्चय तरी कशाला म्हणायचं.