नाणं खरंच ‘एरर’ आहे की नुसतं मार खाल्लेलं?

तुझं नाणं ‘एरर’, म्हणजे टाकसाळीतच छापताना चुकलेलं आहे का, असं विचारलंस; तू पाठवलेला फोटो पाहिला. पाचच्या नाण्याची कड कापल्यासारखी दिसते खरी, पण आधी वजन कर. तांबं-निकेलचं जुनं जाड पाचचं नाणं ९ ग्रॅम भरायला हवं. छाप उठण्याआधीची कोरी चकती टाकसाळीतच अर्धवट कापली गेली असेल, तर वजन कमी भरतं आणि कापाच्या बरोबर समोरची कडही बहुधा पुसट उठते. कानशीने घासून हे साधत नाही.

नाशिकच्या रामकुंडातून निघालेली नाणी सोडूनच दे. पाण्यावाळूत ती इतकी चित्रविचित्र होतात की नवखा हमखास फसतो. मात्र एका बाजूला छाप आणि पाठीमागे तीच छाप उलटी, खोलगट दिसली तर थांब. आधीचं नाणं ठशाला, म्हणजे छाप उठवणाऱ्या साच्याला, चिकटून राहिलं की पुढच्या चकतीवर असं उमटतं. हे ब्रॉकेज, आणि ते खरंच मोलाचं.

चिंच लावून घासू नकोस, किंमत तिथेच जाते. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या नाण्याला लाखो मिळतात ही निव्वळ थाप. जुनी नाणी विकून देतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावाने कोणी ‘फी’ मागितली तर सरळ फोन ठेव. बँकेनेच २०२१ मध्ये तसा इशारा दिलाय. नाशिकजवळच्या अंजनेरीचं नाणेसंग्रहालय मात्र वेळ काढून बघ. तोवर डब्यातली बाकीची पाचची नाणी शेजारी ठेवून कडा ताडून घे.