थोडं धावणं शिल्लक ठेव

तुझा निरोप परवा रात्री वाचला, काल पहाटे पुन्हा वाचला. घड्याळातल्या आकड्यांचे चौदा फोटो, त्याखाली पेसबद्दल, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागली त्याबद्दल, तीन मोठे परिच्छेद, आणि अगदी शेवटी, ताजा कलम टाकावा तशी एक ओळ: डाव्या नडगीत आतल्या बाजूला दुखतंय, पण धावायला लागलं की पाच मिनिटांत थांबतं. अगं, पत्र तिथून सुरू व्हायला हवं होतं.

मॅरेथॉन आपल्या आवाक्यातली आहे का, असं तू विचारलंस. त्यावर मी काही लिहिणार नाही. कामाच्या दिवशी साडेचारला उठून, दीड तास धावून, मग दिवसभर उभं राहणाऱ्या मुलीला हे कुणी सांगायचं नसतं. माझं भांडण तुझ्या मंगळवारशी आहे.

हिशोब कर. तुला चार तासांच्या आत यायचंय. 42.195 किलोमीटरला चार तास म्हणजे किलोमीटरला 5 मिनिटं 41 सेकंद. आणि तुझ्या फोटोंमध्ये मंगळवारची "सोपी" धाव 5:30 ने आहे. बुधवारची 5:34. शुक्रवारची 5:28. म्हणजे शर्यतीच्या दिवशी ज्या वेगाची तू स्वप्नं बघतेस, त्याहून जास्त वेगाने तू आठवड्यातून तीनदा "सोपं" धावतेस, आणि रविवारी लाँग रनला 26 किलोमीटरवर पाय का संपले म्हणून मला विचारतेस. पाय शुक्रवारीच संपले होते. रविवारी तुला ते कळलं, एवढंच.

मी तुला पहिल्या भेटीत एकच गोष्ट सांगितली होती. धाव संपवून दारात बूट काढशील तेव्हा अंगात थोडं धावणं शिल्लक असलं पाहिजे. अजून दोन-तीन किलोमीटर आरामात झाले असते असं वाटत असतानाच थांबायचं. तू मान डोलावलीस. सगळेच डोलावतात. मग गटातली दुसरी मुलगी पुढे जाते आणि मान विसरून जाते.

तुझी सोपी धाव साडेसहा-सातच्या पेसने व्हायला हवी. शेजारच्याला एक अख्खं, लांबलचक वाक्य धाप न लागता सांगता आलं पाहिजे. "हं", "हो ना", "चल" ही वाक्यं नव्हेत. शेजारी कुणी नसेल तर मोठ्याने स्वतःशी बोल. लोक बघतील, बघू देत. चढावर वाक्य तुटायला लागलं तर चाल. चढावर चालण्याची मला सात वर्षं लाज वाटत होती. त्या सात वर्षांतल्या माझ्या दुखापती मोजायला दोन्ही हातांची बोटं लागतात.

हळू धावून वेग कसा येईल, हा तुझा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. हळू धावण्यानेच स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, पेशींमधले ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया वाढतात, चरबी जाळून धावायची सवय शरीराला लागते. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी पीटर स्नेलसारख्या 800 मीटरच्या धावपटूलाही आठवड्याला 100 मैलांच्या आसपास पळवलं, त्यात रविवारचे 22 मैल. स्नेलने 1960 मध्ये रोम ऑलिंपिकला सुवर्ण मिळवलं. दोन मिनिटांहून कमी वेळात संपणाऱ्या शर्यतीसाठी! आपण चार तासांची शर्यत धावतो, आणि पाया घालायला मात्र आपल्याला सवड नसते.

आता नडगी. तीन महिन्यांत तुझा दम वाढला, हे खरंय. हृदय, रक्त, फुप्फुसं ही माणसं पटकन शिकतात. कंडरा आणि हाडं सावकाश शिकतात. हाडावर नवा भार आला की शरीर आधी त्यातला थकलेला भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. पोखरणं आधी, आणि झपाट्याने. भरणं नंतर, आणि त्याला महिने लागतात. मधल्या काळात ते हाड आधीपेक्षा कच्चं असतं. नेमक्या त्याच आठवड्यांत दम वाढल्यामुळे आपल्याला वाटतं की आता जोर लावायला हरकत नाही. छाती हो म्हणते आणि नडगी मोडते. म्हणून शिल्लक ठेवायची. ती हाडाच्या वाटणीची आहे, तुझी नाहीच.

माझंही दुखणं पाच मिनिटांत थांबायचं. मग दहा मिनिटांत थांबू लागलं. मग थांबेनासं झालं. मी 41 वर्षांची होते, शर्यतीला 17 दिवस उरले होते, आणि नेमका तोच आकडा माझ्या डोक्यात बसला होता. अमेरिकेच्या मॅरेथॉन धावपटू जोन बेनॉइट यांच्या गुडघ्यावर 1984 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि 17 दिवसांनी त्यांनी ऑलिंपिकची निवड चाचणी जिंकली. पुढे त्याच वर्षी लॉस एंजेलिसला स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉनही त्यांनीच जिंकली. मी रोज रात्री नडगीवर बर्फ धरून स्वतःला हे सांगायचे. त्यांचा गुडघा डॉक्टरांनी उघडून, बघून, दुरुस्त केला होता, आणि माझी नडगी मी कुणाला दाखवलीसुद्धा नव्हती, हा फरक मी स्वतःला सांगितला नाही.

शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेतली. हे कधीही करू नकोस. गोळीने फक्त इशारा बंद होतो, आणि शरीरातलं पाणी कमी होत असताना मूत्रपिंडांवर तिचा जो ताण येतो तो वेगळाच. 3 तास 58 मिनिटं 40 सेकंद. ती माझी आजवरची सर्वांत चांगली वेळ. शेवटच्या रेषेवर फोटो आहे, हात वर, चेहऱ्यावर हसू. फोटो काढल्यानंतर मी डाव्या पायावर उभी राहू शकले नाही. नडगीच्या हाडाला तडा होता.

तडा भरला. हाडं भरतात. जे भरून आलं नाही ते वेगळं आहे.

माझ्याबरोबर एक मैत्रीण सराव करायची. तिची पहिली मॅरेथॉन माझ्या त्या शर्यतीनंतर नऊ आठवड्यांनी होती. आम्ही दोघी एकत्र धावणार होतो, पेस मी सांभाळणार होते, सुरुवातीला तिला आवरायचं आणि तिसाव्या किलोमीटरनंतर तिच्याशी बोलत राहायचं असं ठरलं होतं. तिची घाई मला माहीत होती. मी तिला शब्द दिला होता. त्या दिवशी मी कुबड्या घेऊन शेवटच्या कमानीपाशी उभी होते. चार तास झाले, साडेचार झाले. ती 34 व्या किलोमीटरवर थांबली होती आणि मागून येणाऱ्या गाडीतून आली. खिडकीजवळ बसली होती, शर्यतीच्या क्रमांकाचा बिब अजून छातीवर होता, एका कोपऱ्याची पिन निघून तो लोंबत होता आणि ती तो कोपरा पुन्हा पुन्हा जागेवर दाबत होती. तिने मला कधी बोल लावला नाही. पण त्यानंतर ती लांबचं धावली नाही. माझ्या 1 मिनिट 20 सेकंदांसाठी, चार तासांच्या आतल्या तेवढ्याशा कमाईसाठी, मी तिची शर्यत घालवली. हे मी आजवर कुणाला लिहून सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी शिल्लक ठेवते. मी भित्री झाले असं आमच्या गटात बोललं जातं, तुझ्याही कानावर आलं असेल. त्यानंतरच्या सोळा वर्षांत मी चौदा मॅरेथॉन धावले, एकही अर्ध्यावर सोडली नाही, एकाही सुरुवातीच्या रेषेवर लंगडत गेले नाही. त्यांतली सर्वांत चांगली वेळ 4:11. पुन्हा कधी चार तासांच्या आत आले नाही, हे खरं. जोर लावला असता तर आले असते का? कदाचित. पण माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या आठ जणांपैकी आज दोघं धावतात, आणि त्या दोघांतली एक मी आहे. मी इथे स्वतःची बाजू मांडते आहे, मला कळतंय. मांडू दे. या वयात पहाटे बुटांच्या नाड्या बांधताना मला जे वाटतं ते तुला सत्तावन्नाव्या वर्षी वाटावं, एवढ्यासाठीच हा आटापिटा आहे.

शर्यतीच्या दिवशीही हेच. यकृत आणि स्नायू मिळून शरीरात साधारण 500 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, साठतं, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आसपास. धावताना वजनाच्या किलोमागे, किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी लागते. तुझं वजन धरून गुणाकार कर, साठा शेवटपर्यंत का पुरत नाही ते दिसेल. बाकीचं चरबीतून यायला हवं, आणि वेग जितका जास्त तितकी साखर जास्त जळते, चरबी कमी. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये अंगात वारं भरल्यासारखं वाटतं आणि आपण किलोमीटरमागे दहा सेकंद "कमावतो". ते सेकंद बत्तिसाव्या किलोमीटरवर व्याजासकट परत द्यावे लागतात, किलोमीटरमागे दोन-दोन मिनिटांनी. केनियाचे धावपटू केल्विन किप्टम यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये शिकागोला 2:00:35 चा विश्वविक्रम केला, तेव्हा पहिला अर्धा भाग 60:48 मध्ये धावले आणि दुसरा 59:47 मध्ये. दुसरा अर्धा भाग मिनिटभराने वेगवान! मॅरेथॉनमधला तेव्हाचा जगातला सर्वांत वेगवान माणूस एकविसाव्या किलोमीटरवर शिल्लक राखून होता, आणि तू मला विचारतेस की सुरुवातीला पाच मिनिटं हातात घेऊन ठेवू का. नको घेऊस. पहिले पाच किलोमीटर 5:50 ने जा. लोक तुला ओलांडून जातील, शेकड्यांनी. जाऊ देत.

धावताना खायच्या साखरेच्या जेलचा सराव लाँग रनलाच कर, तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात टिकतं का ते तेव्हाच कळतं. पाणी तहान लागेल तसं पी, प्रत्येक टेबलावर ढोसू नकोस. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेलं होतं, आणि त्यात शर्यतीत वजन वाढण्याइतकं पाणी पिणारे जास्त होते. बुटांबद्दल तू बरंच विचारलंयस. जे तीनशे किलोमीटर बोचले नाहीत तेच घाल, विषय संपला.

आणि बुडालेली धाव. तापात चार दिवस गेले म्हणून तू शुक्रवारी 10, शनिवारी 18 आणि रविवारी 26 केलेस. हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. बुडालेली धाव बुडाली. ती भरून काढायची नसते, तक्त्यात तो चौकोन रिकामा ठेवायचा असतो. शर्यतीला अजून अकरा आठवडे आहेत. एखादा 30-32 चा लाँग रन व्यवस्थित, हळू, शिल्लक ठेवून झाला तर पुरे, आणि शेवटचे तीन आठवडे अंतर कमी करत आणायचं. त्या तीन आठवड्यांत तुला वाटेल की केलेलं सगळं वाया चाललंय, पाय जड होतील, नसलेली दुखणी जाणवतील. तेव्हा मला फोन कर, पण धावायला जाऊ नकोस.

एक गोष्ट विचारायची राहिली, आणि ती तू स्वतःहून सांगणार नाहीस. वजन कमी व्हावं म्हणून जेवण तोडलंयस का? पाळी वेळेवर येते आहे ना? धावणाऱ्या मुलीची पाळी थांबली की कुणीतरी तिला सांगतं, सराव चांगला चाललाय, असं होतंच. ते चूक आहे. धावण्याला लागते तेवढी ऊर्जा खाण्यातून मिळाली नाही की शरीर आधी हेच बंद करतं, आणि हाडाची भरपाईही त्याच्याबरोबर मागे पडते. तसं असेल तर नडगीच्या आधी त्याचं बघायचं, आणि सराव थांबवून बघायचं.

आता हे वाचून झाल्यावर खुर्चीत बस, डावा पाय उजव्या गुडघ्यावर घे. घोट्यापासून वर, हाडाच्या आतल्या कडेने अंगठा दाबत ये, एकेक बोट सरकवत, घाई न करता. चार-पाच बोटं लांबीभर पसरट दुखत असेल तर बहुधा वरवरचं आहे, दोन आठवडे अंतर अर्ध्यावर आणून बघू. पण एकाच ठिकाणी, अंगठ्याखाली मावेल एवढ्या जागेत जीव कळवळत असेल, किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, तर उद्यापासून एक पाऊलही धावायचं नाही, हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून खूश होऊ नकोस, ताजा तडा पहिले काही आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. माझाही दिसला नव्हता. एमआरआयबद्दल विचार.

आज रात्रीच दाबून बघ आणि कुठे दुखलं ते कळव. घड्याळाचा फोटो पाठवू नकोस.