गलाईवाल्यांच्या पोरांची तमिळ

मॅडम, विट्यात नव्यानं रुजू झालात म्हणून सांगतो. नववीतलं मागच्या बाकावरचं गप्प पोर ‘कच्चं’ म्हणून लगेच बाजूला काढू नका. आपल्या खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली घरं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली. पोर कोइमतूरला वाढतं आणि शाळेसाठी आजीकडं परत येतं. माझ्याकडच्या एकाला मराठी जोडाक्षरं लिहिताना घाम फुटायचा. पण एकदा फाटकाशी फोनवर वडिलांच्या गिऱ्हाइकाशी तमिळमध्ये असा भाव ठरवला, की मी खडू हातात धरून ऐकतच राहिलो. कर्नाटकाच्या सीमेवरच्या जतकडं पोरांच्या कानडीचं तेच.

कॅलिफोर्नियात २०११ साली कायदा झाला: इंग्रजीसोबत आणखी एका भाषेत प्रावीण्य दाखवलं की हायस्कूलच्या डिप्लोमावर दोन भाषा येतात असा शिक्का. आपल्याकडं निदान प्रगतिपुस्तकातला शेरा तरी तुमच्या हातात आहे. फक्त ‘तमिळ येते’ असं मोघम लिहू नका. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं वेगवेगळं तपासा. बरीच पोरं फर्डं बोलतात, लिपीचा मात्र पत्ता नसतो. तुम्हाला तमिळ येत नसेल तर गावी परतलेला एखादा गलाईवाला शेजारी बसवा. चहावर येतो.