वाचकांचे प्रश्न : फ्लॉरेन्सहून लुक्का, मुलाबाळांसह एका दिवसात

फ्लॉरेन्सला मुक्काम आहे. बरोबर ६ आणि ११ वर्षांची मुलं आणि सत्तरीतल्या सासूबाई. एक दिवस बाहेरगावी काढायचा आहे. पिसा, सिएना की लुक्का?

लुक्का. सिएना देखणं आहे, पण टेकडीवर वसलेलं. दिवसभर चढउतार केल्यावर सासूबाईंचे गुडघे संध्याकाळी बोलायला लागतील. पिसाच्या कलत्या मनोऱ्यावर ८ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, म्हणजे धाकटं खाली आणि त्याच्यासोबत घरातलं कुणीतरी खालीच. लुक्का सपाट आहे. स्टेशन तटाबाहेर हाकेच्या अंतरावर आहे आणि गावाभोवतीचा तट अजून अखंड उभा आहे.

हा तट सोळाव्या-सतराव्या शतकात तोफांच्या माऱ्याला तोंड द्यायला बांधला. बाहेरून विटा आणि आत मातीची भर, त्यामुळे उंची साधारण १२ मीटर असली तरी पायथ्याशी रुंदी ३० मीटरच्या घरात जाते. आपल्या किल्ल्यांवर फांजीवरून, म्हणजे तटावरच्या अरुंद वाटेवरून, एकामागोमाग एक चालावं लागतं. इथे वर दुतर्फा झाडांचा प्रशस्त रस्ता आहे. या तटाला शत्रूच्या वेढ्याची वेळ कधी आलीच नाही. १८१२ मध्ये सेर्किओ नदीच्या पुरात मात्र दरवाजे बंद करून गाव वाचवलं गेलं. पुढे एकोणिसाव्या शतकातच तटाचं सार्वजनिक फिरण्याच्या जागेत रूपांतर झालं. मोटारी वर येत नाहीत. मुलं मोकळी सोडता येतील अशी जागा इटलीच्या जुन्या गावांत सहसा सापडत नाही, म्हणूनच आमचं मत इतकं ठाम आहे.

रेल्वेचं तिकीट आधी काढून ठेवावं का? स्टेशनात गोंधळ उडतो असं ऐकलं.

फ्लॉरेन्सच्या सान्ता मारिया नोव्हेला स्टेशनातून थेट प्रादेशिक गाड्या आहेत. प्रातो, पिस्तोइया, मोन्तेकातिनी असं करत साधारण दीड तासात लुक्का येतं. या गाड्यांना आसन आरक्षण नाही आणि भाडं ठरलेलं असतं, त्यामुळे आठवडाभर आधी तिकीट काढून पैसे वाचत नाहीत. ४ वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, ४ ते ११ पर्यंत अर्धं. म्हणजे तुमच्या दोन्ही मुलांचं अर्धंच.

चुका दोन ठिकाणी होतात. पहिली फलकावर. त्यावर गाडीचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं, आणि लुक्काला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या पुढे व्हियारेज्जो या समुद्रकाठच्या गावापर्यंत जातात. ‘लुक्का’ शोधत उभी राहिलेली माणसं समोरची गाडी सोडतात. परत येताना गावाचं नाव फ्लॉरेन्स नव्हे, ‘फिरेंझे’ असं वाचायचं.

दुसरी चूक महागात पडते. कागदी तिकीट घेतलं असेल तर चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवायचा. मोबाइलवर घेतलं असेल तर गाडीत बसण्याआधी त्यातलं ‘चेक-इन’ करायचं. हे राहिलं तर पैसे भरलेलं तिकीटही विनातिकीट धरतात आणि दंड होतो. शिक्का मारताना शाई नीट उमटली का ते डोळ्यांनी बघा. यंत्र नुसता आवाज करून कोरं तिकीट परत देतं तेव्हा शेजारच्या यंत्राकडे जा.

पोहोचल्यावर कुठून सुरुवात करावी? सगळं बघून होईल का?

सगळं बघायचं मनात धरू नका. एक कॅथेड्रल, एक मनोरा, एक चौक आणि तटावरची फेरी, एवढं मुलांसह निवांत होतं.

स्टेशनातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोर हिरवळ आणि तिच्यामागे तट. हिरवळीतली पायवाट सान कोलोम्बानो बुरुजाच्या पोटातल्या बोळात शिरते आणि पायऱ्यांनी वर निघते. मोठ्या मुलाला ही चोरवाट फार आवडेल. बाबागाडी असेल किंवा सासूबाईंना पायऱ्या नको असतील, तर डावीकडे जाऊन पोर्ता सान पिएत्रो या दरवाजातून सपाटीने आत या.

आधी सान मार्तिनो कॅथेड्रल. दर्शनी भागातल्या तीन कमानींपैकी उजवीकडची अरुंद आहे, कारण घंटेचा मनोरा आधीपासून तिथे होता आणि कमान उरलेल्या जागेत बसवावी लागली. हे मुलांना आपणहून शोधू द्या. मग उजवीकडच्या खांबाशी जा. दगडात वाटोळा चक्रव्यूह कोरलेला आहे, शेजारी लॅटिनमध्ये ग्रीक पुराणकथेतल्या डेडॅलस (चक्रव्यूह रचणारा) आणि थीसियस (त्यातून बाहेर पडणारा) यांचा उल्लेख आहे. बाहेरून बोट ठेवून वाटेवाटेने मध्यापर्यंत जाता येतं. शतकानुशतकं लोकांनी हेच केल्यामुळे मधलं शिल्प पार झिजून गेलं आहे. वाटेला फाटे नाहीत, त्यामुळे सहा वर्षांचं मूलही चुकत नाही. मात्र वळणं बरीच आहेत, घाई करू नका.

आत इलारिया देल कार्रेत्तो हिची संगमरवरी समाधी आहे, शिल्पकार याकोपो देल्ला क्वेर्चा. १४०५ मध्ये ती वारली. तिचा नवरा पाओलो ग्विनीजी हा त्या काळी लुक्काचा सत्ताधीश. तिच्या पायाशी मान वर करून बसलेला कुत्रा बघा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, उन्हाळ्यात पिशवीत एक ओढणी असू द्या.

याच ग्विनीजी घराण्याचा मनोरा गावात आहे. उंची सुमारे ४५ मीटर, आणि माथ्यावर ओकची झाडं. पायऱ्या २०० हून जास्त. वरचा जिना लोखंडी आणि अरुंद, चढणारे-उतरणारे एकाच वाटेने, त्यामुळे दुपारी खोळंबा होतो. सकाळी कॅथेड्रलनंतर लगेच जा. सासूबाईंना तेवढा वेळ खाली सावलीत बसवा. घड्याळाच्या मनोऱ्यावर, तोर्रे देल्ले ओरेवर, पुन्हा तेवढंच चढण्यात अर्थ नाही.

चौक म्हणजे पियात्सा देल्लान्फितेआत्रो. रोमन रंगमंडलाच्या पायावर मध्ययुगात घरं उभी राहिली, म्हणून चौक लंबगोल. जुनी जमीन आजच्या फरशीच्या काही मीटर खाली गाडली गेली आहे. बहुतेक लोक मधे उभं राहून फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही बाहेरच्या गल्लीतून वळसा घाला; घरांच्या भिंतींत रोमन कमानींचे तुकडे, मधेच एखादी खिडकी, असं सलग दिसत जातं. या गावाचं वय तिथे खरं कळतं.

तटावर सायकली घ्याव्यात का?

जरूर. पूर्ण फेरी सव्वाचार किलोमीटर, सपाट. रमतगमत अर्धा तास, म्हणून एक तासाचं भाडं पुरतं. उत्तरेकडच्या सान्ता मारिया दरवाजाजवळ दुकानं आहेत. ओळखपत्र लागतं. धाकट्यासाठी मागची खुर्ची किंवा जोडसायकल मागा आणि निघण्यापूर्वी ब्रेक, खुर्चीचे पट्टे आणि बैठकीची उंची तिथेच तपासा. पाय चालवायचे नसतील त्यांच्यासाठी चारचाकी पायगाड्या असतात, पण त्या जड आहेत. दोन तगडी माणसं पेडल मारायला हवीत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. तटाच्या बाहेरच्या कडेला उंच कठडा नाही. गवत उतरत गेल्यासारखं वाटतं आणि पुढे थेट खोल. बुरुजांवर मुलं पळापळी करतात तेव्हा एका मोठ्या माणसाने त्यांच्या आणि कडेच्या मधे राहायचं.

आम्ही शाकाहारी आहोत. काय खावं?

चेचीना. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. मोठ्या गोल ताटात भट्टीत भाजतात, वरून मिरपूड. पिझ्झाच्या दुकानात तुकड्यावर मिळते, नुकती निघालेलीच घ्या. तोर्देल्ली हा भरलेला पास्ता टाळा, आतलं सारण मांसाचं असतं. फार्रो गव्हाचं सूप दिसायला निर्धोक, पण त्यात डुकराचं मांस बऱ्याचदा असतं; ‘सेन्त्सा कार्ने’ (मांसाशिवाय) एवढं म्हणून विचाराच. चीजमधलं प्राणिज रेनेट (दूध साकळवण्यासाठी वासराच्या पोटातून काढलेला पदार्थ) चालत नसेल तर पार्मेजान वर्ज्य समजा. गोडात बुच्चेल्लातो, मनुका आणि बडीशेपेचा पाव. उपाहारगृहांची स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात, तेव्हा दुपारी एक वाजताच जेवायला बसा. बिलातला ‘कोपेर्तो’ हा माणशी आकार असतो, ती फसवणूक नव्हे.

त्याच दिवशी पिसाही जमेल?

जमतं, पण मनोरा फक्त बाहेरून बघायचा असेल तरच. लुक्काहून गाडी अर्ध्या तासात पिसाला जाते. मुख्य स्टेशनाआधीच्या पिसा सान रोस्सोरेला उतरा, तिथून मनोरा पायी जवळ आहे. नंतर पिसा चेन्त्राले स्टेशनातून थेट फ्लॉरेन्सची गाडी मिळते, परत लुक्काला यायची गरज नाही.

भाड्याची मोटार घेतली तर?

तटाच्या आत नेऊ नका. आतला बराच भाग ‘झेडटीएल’, म्हणजे परवानाधारकांपुरता आहे. प्रवेशावरचा कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो. फलकावर ‘वार्को आत्तीवो’ दिसलं तर निर्बंध चालू आहे असं समजून मागे वळा. दंडाचा कागद महिन्यांनी येतो, वर भाड्याने गाडी देणारे आपला आकार लावतात. बाहेर निळ्या रेषांत पैसे भरून, पांढऱ्यांत फुकट गाडी लावता येते. पिवळ्या रेषा राखीव.

कोणते दिवस टाळावेत?

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला कॉमिक्सचा मोठा महोत्सव भरतो. गाड्या आणि गल्ल्या दोन्ही तुंबतात. लहान मुलांसह तेव्हा नकोच. १३ सप्टेंबरला संध्याकाळी दिव्यांची मिरवणूक निघते. ती मुद्दाम बघावी अशी आहे, पण परतीची गाडी आधी पक्की बघून ठेवा. आदल्या दिवशी रेल्वे संपाची, ‘शोपेरो’ची, सूचना आहे का तेही पाहा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात काही ठरलेल्या गाड्या सोडाव्याच लागतात. त्यांची यादी स्टेशनात लावलेली असते.