नावी भाषेत विशेषण नामाच्या आधी की नंतर?

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: 'अवतार' सिनेमातल्या नावी भाषेत 'लांब नदी' कुठे 'ङिमा किल्वान' असे लिहिलेले दिसते, तर कुठे 'किल्वान आङिम'. यातले बरोबर कोणते? आणि मोठा-मोठी-मोठे यासारखे लिंग-वचन तिथे लावायचे का?

दोन्ही बरोबर आहेत, अर्थातही फरक नाही. लिंग-वचन लावायचे नाही.

आता जरा सविस्तर. पॉल फ्रॉमर या अमेरिकन भाषातज्ज्ञाने 2005 पासून ही भाषा घडवली आणि 2009 मध्ये ती पडद्यावर आली. तिच्यात 'ङिम' म्हणजे लांब, 'किल्वान' म्हणजे नदी. विशेषण नामाला जोडताना मध्ये 'आ' लागतो. तो विशेषणालाच चिकटतो, पण नामाच्या बाजूने. विशेषण आधी असेल तर शेवटी, ङिम-आ किल्वान. नंतर असेल तर सुरुवातीला, किल्वान आ-ङिम. नुसते 'ङिम किल्वान' मात्र चालत नाही.

(बाराखडीच्या तक्त्यावर पाठ केलेला आणि पुढे 'वाङ्मय'पुरता उरलेला आपला ङ इथे शब्दाच्या सुरुवातीला येतो. नावी देवनागरीत लिहायला घेतली की हा एक फायदा आयताच मिळतो.)

हा 'आ' कशाला हवा, ते मराठीकडे पाहिले की चटकन कळते. आपण हे काम जागेवर सोपवले आहे. 'लांब नदी' म्हटले की विशेषण, 'नदी लांब' म्हटले की ऐकणारा 'आहे'ची वाट पाहतो. एवढेच नाही, अर्थही पालटतो: 'लांब नदी' म्हणजे लांबीने मोठी, आणि 'नदी लांब आहे' म्हणजे बहुधा चालत जाऊ नका, ऑटो करा. अभंगांत, गाण्यांत आपण विशेषण नामामागे टाकतो, पण रोजच्या बोलण्यात ते खटकते. नावीत नाते 'आ' दाखवतो, म्हणून जागा मोकळी राहते. 'नदी लांब आहे' हे विधान करायचे असेल तर 'किल्वान लु ङिम'. इथे 'लु' म्हणजे 'आहे', आणि 'आ' गायब. (अर्थ लांबीचाच; अंतरासाठी वेगळा शब्द आहे.)

फारसीतला 'वजीर-ए-आझम' आठवला असेल, तर जवळ आलात. फक्त तिथला 'ए' नामाला लागतो आणि विशेषण कायम नंतरच येते.

लिंग-वचनाचे म्हणाल तर नावीतली सगळी विशेषणे आपल्या 'लांब', 'लाल', 'गरीब' यांच्यासारखी अविकारी आहेत. बदल होतो तो नामात. अनेक नद्या म्हणजे 'आय्‌हिल्वान': 'आय्' हा अनेकवचनाचा उपसर्ग लागला की पुढचा क मऊ होऊन ह होतो. दोनच नद्या असतील तर 'मेहिल्वान'. कर्माची विभक्ती लागली की 'किल्वानित'. विशेषण मात्र तिन्ही ठिकाणी 'आङिम'च. आपल्याकडे नागपुरात 'लांब'ऐवजी सर्रास 'लंबा' म्हणतात आणि लगेच लंबा रस्ता, लंबी लाइन, लंब्या रस्त्यानं अशी रूपे सुरू होतात. म्हणजे अविकारी शब्द हाताशी असताना आपण विकारी उचलला! व्याकरणाचे मास्तर नाक मुरडतील, मला तरी त्यात काही वावगे वाटत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. 'ले' उपसर्गाने बनलेली विशेषणे नामानंतर आली की 'आ' गाळला तरी चालतो. म्हणून शुभ सकाळसाठी 'रेवोन लेफ्पोम' म्हणतात, मध्ये 'आ' नाही. पण तेच आधी आणले तर 'लेफ्पोमा रेवोन', तिथे सुटका नाही.

अख्खे वाक्य विशेषणासारखे जोडायचे असेल तर हाच 'आ' सुटा उभा राहतो: 'पालुलुकान आ तेरारोन', म्हणजे शिकार करत असलेला पालुलुकान (सिनेमातल्या पॅन्डोरा या जगातले एक भयंकर श्वापद). उलटून 'तेरारोन आ पालुलुकान' केले तरी तेच.

आणि दोन विशेषणे असतील तर नामाच्या दोन्ही बाजूंना एकेक बसवता येते. 'लोर' म्हणजे सुंदर, म्हणून सुंदर लांब नदी झाली 'लोरा किल्वान आङिम'. आपल्या कन्हान नदीला हे बिनधास्त म्हणा. नाग नदीला म्हणायला जीव धजत नाही, 'लोर' तर आज नाहीच नाही.