आयरिश व्हिस्की घरच्या घरी ओळखताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: आम्ही चौघं मित्र महिन्यातून एकदा बसतो. आजवर जेमसन सोड्याबरोबर घेत आलो. आता आयरिश व्हिस्की नीट समजून घ्यायची आहे. कोणत्या बाटल्या आणाव्यात, सुरुवात कशी करावी? – एक वाचक, दादर

उत्तर: एक बाटली आणली, संपवली, मग दुसरी आणली, अशा पद्धतीने फारसं हाती लागत नाही. जिभेला महिन्यापूर्वीची चव आठवत नाही, शेजारच्या ग्लासातला फरक मात्र लगेच कळतो. म्हणून पहिल्याच बैठकीला तीन ग्लास शेजारी ठेवा: जेमसन, बुशमिल्स 10, आणि ग्रीन स्पॉट किंवा रेडब्रेस्ट 12 यांपैकी जी मिळेल ती.

जेमसन हे ब्लेंड आहे, पॉट स्टिल आणि ग्रेन (मका-गव्हासारख्या धान्यांची, हलकी) व्हिस्कीचं मिश्रण. बुशमिल्स 10 ही उत्तरेकडच्या अँट्रिम काउंटीतली सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत नुसत्या मोड आणलेल्या बार्लीपासून बनलेली. तिसरी सिंगल पॉट स्टिल, कॉर्क काउंटीतल्या मिडलटन डिस्टिलरीत बनणारी. आयरिश व्हिस्कीच्या तीन मुख्य तऱ्हा एका टेबलावर आल्या, आणि तिन्ही बाटल्या 40 टक्के अल्कोहोलच्याच. ही बरोबरी महत्त्वाची आहे. एखादी 46 टक्क्यांची मध्ये घुसली की नवखा माणूस तिच्या झोंबण्यालाच चव समजून बसतो.

प्रत्येकाला प्रत्येक व्हिस्कीचे 15 मिली पुरेत. तिन्ही मिळून दीड छोटा पेग होतो. चौघांत 750 मिलीची बाटली या हिशेबाने बारा बैठका पुरते, त्यामुळे महागडी पॉट स्टिल वर्गणीत सहज बसते. जेमसन मुंबईत कुठेही मिळते, बाकीच्यांसाठी मोठ्या वाइन शॉपमध्ये आधी विचारून ठेवावं लागतं. परदेशातून कोणी येत असेल तर एका प्रवाशाला ड्यूटी न भरता 2 लिटरपर्यंत मद्य आणता येतं. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट 25 वर्षांची आहे आणि पिण्याचा परवाना लागतो, तो काढून ठेवा. बैठकीनंतर गाडीची किल्ली हातात घेऊ नका, घोट लहान असले तरी.

प्रश्न: पॉट स्टिल म्हणजे नेमकं काय? स्कॉच माल्टही पॉट स्टिलमध्येच बनते ना? – एक वाचक, गिरगाव

उत्तर: बरोबर, पॉट स्टिल म्हणजे ऊर्ध्वपातनाचं भांडं, आणि ते तेच. आयर्लंडमध्ये मात्र हे नाव धान्याच्या मिश्रणाला लागतं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. आयरिश पॉट स्टिलमध्ये कमीत कमी 30 टक्के माल्ट आणि कमीत कमी 30 टक्के कच्ची, मोड न आणलेली बार्ली असावीच लागते. थोडे ओट्स किंवा राय चालतात. ‘सिंगल’ याचा अर्थ सगळं एकाच डिस्टिलरीतलं, एवढाच.

कच्ची बार्ली आली कुठून? अठराव्या शतकात माल्टवर कर बसला. कर वाचवायला डिस्टिलरीवाल्यांनी माल्टचं प्रमाण कमी करून त्या जागी कच्ची बार्ली घातली. कर गेला, चव राहिली, कारण ती लोकांना आवडू लागली होती. आमच्या मते आयर्लंडने व्हिस्कीच्या जगाला दिलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि आयरिश व्हिस्की शिकायची तर सगळ्यांत जास्त वेळ हिलाच द्यावा.

ओळखायची कशी? घोट तोंडात फिरवला की किंचित तेलकट, दाट लागतो. वासात हिरवं सफरचंद, आलं आणि कच्च्या जवसासारखा एक तेलाचा गंध. गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला मिरी-लवंगेची ऊब राहते. बैठकीआधी मिसळणाच्या डब्यातून लवंग, मिरी आणि दालचिनी काढा. जोडीला जवस, सुक्या खोबऱ्याचा तुकडा, मनुका आणि हिरव्या सफरचंदाची फोड घ्या. सगळं वेगवेगळ्या वाट्यांत झाकून ठेवा. ग्लास हुंगा, मग वाटी हुंगा, मग पुन्हा ग्लास. जवस आणि लवंग कोणत्या ग्लासाशी जुळतात ते पाहा. खोबरं आणि व्हॅनिला बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपातून येतात, मनुका आणि सुका अंजीर शेरीच्या (स्पॅनिश वाइनच्या) पिंपातून. रेडब्रेस्ट 12 घेतलीत तर मनुकांची वाटी हमखास कामाला येईल.

प्रश्न: ग्लास नाकाशी नेला की नुसतं झोंबतं, वास असा येतच नाही. माझ्या नाकातच दोष आहे का? – एक वाचक, बोरिवली

उत्तर: दोष बहुतेक खोलीचा आणि घाईचा आहे. मे महिन्यात आपल्या घरात 32-33 अंश असतात, त्या उष्णतेत अल्कोहोल भराभर उडतं आणि सगळ्यांत आधी तेच नाकात शिरतं. व्हिस्की 20-22 अंशांच्या आसपास असावी. एसी असेल तर अर्धा तास आधी लावा, नाहीतर बाटली दहा-पंधरा मिनिटं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून मग ओता. डोक्यावरचा पंखा मात्र बंदच हवा. वास ग्लासात साठायच्या आत तो उडवून लावतो.

ओतल्यावर ग्लासावर बशी झाका आणि दहा मिनिटं हात लावू नका. मग बशी काढा, क्षणभर थांबा, ग्लास हनुवटीशी धरा आणि सावकाश वर आणा. तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा, झोंबणं निम्म्याने कमी होतं. वाइनसारखा ग्लास गरागरा फिरवू नका, त्याने अल्कोहोलच जास्त वर येतं. दोन-तीनदा हुंगलं की नाक थकतं. तेव्हा स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या, नाक पुन्हा ताळ्यावर येतं.

पहिल्या घोटावरून मत बनवू नका. तो फक्त तोंड ओलं करायला आणि जिभेला अल्कोहोलची सवय व्हायला. दुसरा घोट अर्ध्या चमच्याएवढा घ्या, दहा सेकंद तोंडात फिरवा, गिळा, आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. अर्धी चव त्या श्वासात कळते.

बैठक जेवणाआधी ठेवा. स्वयंपाकघरात बोंबील तळले जात असतील, फोडणी पडत असेल किंवा देवघरात उदबत्ती चालू असेल, तर त्या दिवशी नाद सोडलेला बरा. अत्तर आणि मोगऱ्याचा गजराही त्या खोलीत नको. मध्ये तोंड साफ करायला साधा लादीपाव आणि पाणी. चकली, शेंगदाणे, चीज नंतर.

प्रश्न: व्हिस्की चाखायचा खास ग्लेनकेर्न ग्लास घ्यावाच लागतो का? आणि पाणी किती घालायचं? – एक वाचक, परळ

उत्तर: पोट फुगीर आणि तोंड निमुळतं असलेला कोणताही लहान ग्लास चालेल, छोटा वाइन ग्लाससुद्धा. मात्र सगळे ग्लास एकसारखे हवेत. रुंद तोंडाच्या ग्लासातून वास निघून जातो. आधी रिकामा ग्लास हुंगा. कपाटातल्या डांबरगोळ्यांचा किंवा भांड्याच्या साबणाचा वास आला तर गरम पाण्याने विसळून उपडा वाळवा. स्वयंपाकघरातल्या फडक्याने पुसू नका.

नळाच्या पाण्याला काही दिवशी क्लोरीनचा वास असतो, म्हणून फिल्टरचं किंवा उकळून थंड केलेलं पाणी घ्या. मोजायला मेडिकलमधून सुईशिवाय 5 मिलीची सिरिंज आणा, अंदाजाने ओतण्याचा प्रश्नच राहत नाही. 46 टक्क्यांच्या 15 मिली व्हिस्कीत अडीच मिली पाणी घातलं की ती साधारण साडेएकोणचाळीस टक्क्यांवर येते. 40 टक्क्यांच्या 15 मिलीत 5 मिली घातलं की बरोबर 30 टक्के. बहुतेक हलक्या आयरिश ब्लेंड तिथे पातळ, बेचव लागू लागतात, तेव्हा त्यात 2 मिलीच्या वर जाऊ नका. आधी पाण्याविना चाखा, मग अर्धा-अर्धा मिली वाढवत जा.

बर्फाने वास दबतो, सोड्याने चव पसरते. गप्पांसाठी जेमसन-सोडा छानच आहे, शिकायच्या वेळी नको. टीलिंग स्मॉल बॅचसारखी 46 टक्क्यांची, थंड करून न गाळलेली व्हिस्की पाणी घातल्यावर किंचित गढूळ दिसली तर घाबरू नका. त्यातले तेलकट घटक पाण्यात विरघळत नाहीत, एवढंच कारण. माल उत्तम आहे.

प्रश्न: आयरिश म्हणजे तीनदा ऊर्ध्वपातन केलेली आणि धुराचा वास नसलेली, हे खरं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: बहुतेकींच्या बाबतीत खरं, पण नियम तसा नाही. नियम असा की व्हिस्की आयर्लंडच्या बेटावरच बनवलेली आणि तिथेच लाकडी पिंपांत किमान तीन वर्षं मुरलेली हवी, आणि बाटलीत 40 टक्क्यांहून कमी नको. जेमसन आणि बुशमिल्स तीनदा ऊर्ध्वपातन करतात. कॉनेमारा मात्र पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुराची आहे. ती ठेवलीत तर सगळ्यांत शेवटी ओता, तिच्यानंतर दुसऱ्या कशाचीच चव लागत नाही.

प्रश्न: पावसाळ्यात अर्ध्या बाटलीची चव उतरलेली वाटते. भास आहे की खरंच? – एक वाचक, मुलुंड

उत्तर: खरंच, पण दोष पावसाचा नाही, बाटलीतल्या हवेचा. बाटली एक तृतीयांशावर आली की दोन-तीन महिन्यांत संपवा किंवा काचेच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. प्लॅस्टिकची बाटली नको. बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली की अल्कोहोल बूच खातं. फ्रिजच्या वरची, गॅसजवळची आणि खिडकीतली जागा टाळा. बूच तुटलंच तर कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळून घ्या. रिकाम्या बाटल्यांची चांगली बुचं धुऊन, वाळवून जपून ठेवली की अशा वेळी उपयोगी पडतात.

प्रश्न: मला खरंच फरक कळतो की मी लेबल वाचून बोलतो, हे कसं तपासू? – एक वाचक, वसई

उत्तर: न चाखणाऱ्या माणसाला तीन ग्लास भरायला सांगा: दोन ग्लासांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात वेगळी. ग्लासांच्या तळाला चिकटपट्टीवर आकडे लिहा आणि खोलीत उजेड मंद ठेवा. रंगावर विसंबू नका, आयरिश व्हिस्कीत कॅरॅमलचा रंग घालायची मुभा आहे. वेगळा ग्लास कोणता ते ओळखा. एकदा बरोबर यायला नुसत्या नशिबानेही तीनात एक संधी असते. सलग तीनदा नशिबाने बरोबर यायची शक्यता 27 मध्ये एक. तिन्ही वेळा जमलं तर फरक तुम्हाला कळतो असं खुशाल माना. दर फेरीला ग्लासात 5 मिलीच ओता, म्हणजे तिन्ही फेऱ्या मिळून 45 मिलीच होतात.

सुरुवात जेमसन आणि रेडब्रेस्टने करा, ती जोडी सोपी आहे. मग ग्रीन स्पॉट आणि रेडब्रेस्ट. दोन्ही पॉट स्टिल, दोन्ही एकाच डिस्टिलरीतल्या, तेव्हा तिथे शेरीच्या पिंपाचा जोरच ओळखायचा असतो. तिथे अडलात तर मनुकांची वाटी पुन्हा काढा. आणि चिकटपट्टी उलटण्याआधी प्रत्येकाने आपलं मत कागदावर लिहावं. एकाने मोठ्याने ‘लवंग’ म्हटलं की बाकीच्या तिघांनाही लवंगच येऊ लागते.