वाचकांचे प्रश्न : मूकपटांतील नवराबायको

प्रश्न : जुने मूक विनोदपट पाहताना बायको बहुधा करडी आणि नवरा तिला वचकून असलेला दिसतो. हे चित्रपट बायकांची टवाळी करण्यासाठीच काढले जात होते का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : टवाळी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील व्हायटाग्राफ कंपनीच्या ‘अ क्युअर फॉर पोकरायटिस’ (१९१२) या लघुपटात लठ्ठ जॉन बनी आणि काटकुळी फ्लोरा फिंच शेजारी उभी राहिली, की अर्धा विनोद तिथेच होऊन जातो. मात्र पत्त्यांचा नाद सोडल्याची शपथ घेऊन पुन्हा चोरून डावाला बसणारा नवरा झोपेत बरळून पकडला जातो आणि बायकोचा चुलतभाऊ आपल्या बायबल वर्गातील सोबत्यांना पोलिसांचे कपडे घालून अड्ड्यावर नेतो, तेव्हा फजिती नवऱ्याचीच होते.

माझ्या मते, बायकोचा स्वभाव कसा रंगवला आहे यापेक्षा घरातले काम कोण करताना दिसते, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. बस्टर कीटनच्या ‘वन वीक’ (१९२०) मध्ये नवपरिणित जोडप्याला सुट्या भागांचे घर भेट मिळते. नाकारला गेलेला प्रतिस्पर्धी खोक्यांवरचे आकडे बदलतो आणि घर वेडेवाकडे उभे राहते. त्यात सिबिल सीलीने साकारलेली बायको घर उभारताना नवऱ्याच्या बरोबरीने वावरते, भिंतीवर बदाम काढते आणि शेवटी रेल्वेगाडीने घराचा चुराडा केल्यावर त्याच्याच हातात हात घालून निघून जाते. तिथे रुसवा नाही, टोमणा नाही. इतकी समंजस बायको त्या काळच्या विनोदपटांत क्वचितच भेटते.

याच्या पुढे गेला तो डेन्मार्कचा कार्ल ड्रायर. त्याच्या ‘मास्टर ऑफ द हाऊस’ (१९२५) मध्ये व्यवसाय बुडाल्याने चिडचिडा झालेला व्हिक्टर घरात हुकूमशहासारखा वागतो. नवरा उठण्याआधीपासून इडाचे हात कसे चालू असतात, हे ड्रायर घाई न करता दाखवतो आणि त्यामुळे व्हिक्टरची प्रत्येक तक्रार आपोआप हास्यास्पद ठरते. पुढे इडाला माहेरी पाठवले जाते आणि व्हिक्टरला लहानपणी सांभाळणारी म्हातारी दाई मॅड्स घराचा ताबा घेऊन त्याला कामाला जुंपते. मुलाला कोपऱ्यात उभे करणाऱ्या या बापाला ती त्याच कोपऱ्यात उभे करते, त्या प्रसंगी हसू येते, पण थोडी लाजही वाटते. नवऱ्याची खोड मोडायला बायकोच्या जागी म्हातारी दाई लागावी, ही मात्र मला त्या कथेची मर्यादा वाटते.

प्रश्न : आपल्याकडच्या मूकपटांत पुरुष बायकोची भूमिका करत, तसे तिकडेही होते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : होते, पण हेतू वेगळा होता. चॅप्लिन ‘अ वूमन’ (१९१५) मध्ये मिशी काढून स्त्रीवेष घेतो, तो प्रेक्षकाला वेषांतर ठाऊक असते म्हणूनच विनोदी ठरतो. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) अण्णा साळुंके यांची तारामती मात्र खरीखुरी पत्नी वाटावी, अशीच अपेक्षा होती, त्यांनीच ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या.